खाट क्रमांक सत्तावीस

सॉफ्टवेअरच्या एकसष्टाव्या आवृत्तीचं प्रात्यक्षिक संपलं. प्रकल्पप्रमुख वैजयंती हुपरीकरांनी पडदा बंद केला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "हेमाताई, काही अडचण वाटते का?"

"नाही मॅडम. छान आहे," स्पीकरमधून शांत आवाज आला. "आमचं काम हलकं होईल."

टाळ्या वाजल्या. पुण्यातल्या 'अनुबोध' प्रयोगशाळेत दर मंगळवारी या टाळ्या वाजत. हेमाताईंनी अगदी पहिल्या आवृत्तीलाही 'छान आहे' म्हटलं होतं. त्या आवृत्तीत रक्तगट निवडायची सोयच करायची राहून गेली होती, ही गोष्ट आता कुणी काढत नसे.

टेबलाच्या टोकाला बसलेला आकडेवारीचा विश्लेषक फिरोज तांबोळी मात्र टाळ्या वाजवायचा विसरला. "मॅडम," तो म्हणाला, "माझी आई मिरजेच्या बाजारात पाव किलो वांगी घेताना दहा चुका काढते. या बाईंना दोन वर्षांत एकही सापडली नाही?"

"समाधानी ग्राहक आहे. तुझं काय जातं त्यात?" वैजयंतीबाई हसून म्हणाल्या.

खऱ्या हेमलता गवांदे त्या वेळी तिथून दीडशे किलोमीटरवर, कासारमाळच्या रक्तपेढीत पिशव्यांना लेबलं लावत होत्या. प्रयोगशाळेत बोलला तो त्यांचा प्रतिग्राहक.

ज्याने कधी घराला रंग लावून घेतला आहे, त्याला प्रतिग्राहकाची गरज का पडली हे सांगावं लागणार नाही. आपल्याला काय हवंय ते माणसाला आधी सांगता येत नाही आणि भिंत रंगवून झाली की हे नको होतं एवढं मात्र लगेच कळतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी अनेक वर्षं यावर एकच उपाय सांगितला होता: ग्राहकाला पहिल्या दिवसापासून कामात सामील करून घ्या. उपाय उत्तम होता. अडचण एवढीच, की ग्राहकाला स्वतःचं काम असतं. मग कुणीतरी डोकं लढवलं. ग्राहकाने आजवर केलेली प्रत्येक नोंद, दोन कळांच्या मध्ये तो किती वेळ थांबला, बैठकांमध्ये कुणाला काय म्हणाला, हे सगळं एकत्र करून त्याची वागण्यापुरती प्रतिकृती बनवायची. तिला झोप लागत नाही, तिला रजा नको, आणि एका दुपारी तिच्याकडून वर्षानुवर्षांचं काम करून घेता येतं.

'धमनी' या सॉफ्टवेअरसाठी असे बेचाळीस प्रतिग्राहक होते: जिल्ह्यातल्या अकरा रक्तपेढ्यांचे तंत्रज्ञ, शल्यचिकित्सक, जिल्ह्याचे अधिकारी. त्यांना मागच्या एकोणीस वर्षांतला एकेक खरा दिवस, तेच रुग्ण आणि तेच अपघात घेऊन पुन्हा जगायला दिला जाई. उद्या काय होणार हे त्यांना ठाऊक नसे. 'अनुबोध'च्या दर्शनी भिंतीवर 'ग्राहक आमच्या प्रत्येक निर्णयात' असं मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. खरा ग्राहक मात्र कधीमधी पडद्यावरच्या बैठकीत दिसे; दोन वर्षांत तो त्या भिंतीखालून गेला नव्हता, आणि गेला असता तर पहारेकऱ्याने त्याला ओळखपत्र विचारलं असतं.

धमनीचं काम सोपं आणि मोलाचं होतं. कोणत्या रक्तपेढीत कोणतं रक्त नुसतं पडून मुदत संपवतंय आणि कुठे त्याच्याविना माणूस खोळंबलाय, हे पाहून पिशव्या फिरवायच्या. सगळ्यात कठीण हिशेब ओ निगेटिव्हचा. ते फार थोड्यांचं असतं, पण रक्तगट जुळवायलाही वेळ नसेल तेव्हा कुणालाही देता येतं. कासारमाळसारख्या तालुक्याच्या गावी ते क्वचितच लागे, म्हणून धमनी तिथली पिशवी उचलून जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवी. हिशेब बिनचूक होता. कासारमाळ घाटाच्या पायथ्याशी आहे आणि जिल्ह्याहून पिशवी परत यायला दोन तास वीस मिनिटं लागतात, हेही हिशेबात धरलेलं होतं.

बासष्टावी आवृत्ती शेवटची. पुढच्या सोमवारी ती खऱ्या रक्तपेढ्यांत सुरू व्हायची होती. तिच्यात एकच मोठा बदल होता: रक्तपेढ्यांच्या जुन्या यंत्रणेतून आलेलं फेरतपासणीचं बटण काढून टाकलं होतं. एखाद्या पिशवीबद्दल शंका आली, तर तंत्रज्ञ हे बटण दाबून ती बाजूला ठेवत. आता तपासणीचं यंत्र नवं होतं. शिवाय कासारमाळात एकोणीस वर्षांत साडेतीनशे पिशव्या फेरतपासणीला गेल्या होत्या आणि त्यातली एकही खराब निघाली नव्हती. अशा बटणाला कोण ठेवील?

हेमाताईंच्या प्रतिग्राहकाला विचारलं, तेव्हा उत्तर ठरलेलं आलं. छान आहे.

बुधवारी फिरोज वैजयंतीबाईंच्या खोलीत आला, तो तोंड पाडूनच. "मॅडम, निकाल जसाच्या तसा आला."

"म्हणजे?"

"कासारमाळात एकोणीस वर्षांत एकतीस वेळा तातडीने ओ निगेटिव्ह लागलं. एकतीसही वेळा पिशवी शीतपेटीच्या फडताळात होती. जुन्या नोंदीत होती आणि बटण काढल्यावरही आहे."

"मग पेढे वाट ना."

"बटण काढल्यावर ती नसायला हवी होती! मी बघितलं, त्या एकतीस पिशव्या आल्या कुठून. एकूण एक फेरतपासणीच्या कप्प्यातून आली होती. पिशवीवर 'शंकास्पद' लिहिलं की तिला कुणी हात लावत नाही, पूर्वी जिल्हा नाही आणि आता धमनी नाही. घाटात अपघात झाला की बाईंची शंका दहा मिनिटांत फिटते आणि पिशवी वॉर्डात पोचते."

वैजयंतीबाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे हेमाताई पिशवी लपवतात?"

"लपवत होत्या. खऱ्या हेमाताई, खऱ्या रक्तपेढीत, एकोणीस वर्षं. आपला प्रतिग्राहक त्यांच्याकडूनच शिकलाय." फिरोजने तारखांचा कागद पुढे केला. "रोज नाही लपवत. याच दिवशी. यात मला काही संगती लागत नाही. वार वेगळे, महिने वेगळे, दर वर्षी तारखा बदलतात. यंत्रालाही लागली नाही. एकोणीस वर्षांत एकतीसच प्रसंग, एवढ्याशा आकड्यांवर ते काय शिकणार?"

वैजयंतीबाईंनी कागदावरून बोट फिरवलं आणि यंदाच्या तारखांशी त्या थबकल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि दोन महिने त्या कार्यालयवाल्यांच्या पाया पडत होत्या.

"या तारखा मला पाठ आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "या दिवशी पुण्यात एक कार्यालय मिळत नाही. फिरोज, ह्या लग्नाच्या दाट तिथी आहेत. वऱ्हाडाचे टेम्पो घाटातून जातात त्या दिवशी!"

मग फिरोज म्हणाला, "बरं. पण बटण तर आपण काढलं. आता पिशवी कुठे लपते, ते बघा."

त्याने पडद्यावर शेवटच्या वर्षाची एक नोंद उघडली. *रेणुका बिडगर, वय ३८, रक्तगट ओ निगेटिव्ह, खाट क्रमांक २७. एक पिशवी राखून ठेवावी.* प्रत्येक दाट तिथीला ही बाई दुपारी दाखल होई, तिच्या नावावर एक पिशवी राहत असे आणि दुसऱ्या दिवशी ती घरी जात असे.

"वॉर्डात खाटा किती?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"सव्वीस. खाटेच्या रकान्याला आपण मर्यादाच घातलेली नाही. सत्तावीस घाला नाहीतर नऊशे घाला, तो घेतो."

वैजयंतीबाईंनी प्रतिग्राहकाला जोडून घेतलं. "हेमाताई, सत्तावीस नंबरच्या खाटेवर कोण आहे?"

"पेशंट आहे मॅडम," आवाज शांत होता. "काळजीचं काही नाही."

एखादं सॉफ्टवेअर आपल्याशी इतकं अदबीने खोटं बोलेल, असं त्या दोघांना वाटलं नव्हतं. वैजयंतीबाईंनी जोडणी बंद केली. सोमवारी धमनी सुरू होणार. त्याआधी रकान्याला मर्यादा घालायची, म्हणजे सत्तावीस नंबरची खाट नाहीशी होईल. वैशाखात घाटात टेम्पो उलटेल, तेव्हा कासारमाळच्या फडताळात पिशवी नसेल. ती दोन तास वीस मिनिटांवर असेल.

"गाडी काढ," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वीच काढायला हवी होती."

कासारमाळची रक्तपेढी दोन खोल्यांची होती. शीतपेटी घूं घूं करत होती, स्पिरिटचा वास होता आणि भिंतीवर पंचांगाची दिनदर्शिका. तिच्यात तांबड्या पेन्सिलीने काही तारखांना गोल केले होते. सगळे गोल लग्नाच्या तिथींना नव्हते. ऊसतोडीच्या टोळ्या परतायच्या दिवसांना होते, पलीकडच्या गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवसाला होता. पंचावन्नच्या पुढच्या, बारीक चणीच्या हेमाताई पाहुण्यांना पाहून उठून उभ्या राहिल्या. तपासणी आली असं त्यांना वाटलं.

"सॉफ्टवेअर छान आहे मॅडम," चहाची बशी पुढे करत त्यांनी आपण होऊनच सांगून टाकलं. "आमचं काम हलकं होईल."

फिरोजला हसू आवरेना. आवाजाची पट्टीसुद्धा तीच होती. "ताई," तो म्हणाला, "फेरतपासणीचं आम्हाला कळलंय."

हेमाताईंनी हातातली बशी टेबलावर ठेवली. त्या खुर्चीत बसल्या. "खोटी नोंद आहे, माहीत आहे मला. नोकरी जाऊ शकते, तेही माहीत आहे."

"आम्ही कुणाला सांगायला आलेलो नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या. "पण दोन वर्षं आम्ही पडद्यावरच्या दर बैठकीत विचारत होतो. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, अडचण वाटते का म्हणून. मला अडचण नव्हतीच. माझं मी बघत होते." त्यांनी बशी पुढे सरकवली. "आणि एवढी मोठी माणसं पुण्याहून पडद्यावर येणार, काय काय दाखवणार. त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

एकसष्ट आवृत्त्यांच्या टाळ्या वैजयंतीबाईंच्या कानात वाजत होत्या आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

"आम्ही ते बटण काढलं," फिरोज म्हणाला. "तरी तुमच्या प्रतिग्राहकाने वाट काढली. बिडगर नावाची एक पेशंट दाखल करतो तो, सत्तावीस नंबरच्या खाटेवर."

"आमच्याकडे सत्तावीस नंबर नाही. आणि असलं मी काही केलेलं नाही हो. शपथेवर सांगते." हेमाताईंनी कागद हातात घेतला, नाव वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांना नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. वऱ्हाडाचा टेम्पो घाटात कलंडला. नवरीची करवली, तिची मावसबहीण, एकोणीस वर्षांची. अंगावर पिवळी साडी होती. मागणी आली, हेमाताईंनी ती यंत्रात भरली, फडताळ उघडलं. ओ निगेटिव्हची पिशवी आदल्याच दिवशी जिल्ह्याला पाठवली होती. गाडी परत निघाली तेव्हा मुलगी शुद्धीवर होती, पाणी मागत होती. गाडी पोचली तेव्हा गरज उरली नव्हती.

"मागणी बंद करायची तर कारण लिहावं लागतं," हेमाताई म्हणाल्या. "माझ्याच्याने लिहवलं नाही. ती मागणी मी कधी बंदच केली नाही."

फिरोजला आता सगळं लख्ख दिसलं. धमनी खोटं नाव घेत नाही, आरोग्य क्रमांक असलेला खरा माणूस मागते. प्रतिग्राहकाने हेमाताईंच्या साऱ्या नोंदींतून ओ निगेटिव्हची एक उघडी मागणी शोधली होती, जिच्यावर दुसरं कुणी कधी हक्क सांगायला येणार नव्हतं. अशी एकच होती; बंदच न झाल्यामुळे ती त्याच्या एकतीस प्रसंगांत मोजलीच गेली नव्हती. वय यंत्राने जन्मसालावरून स्वतःच वाढवत नेलं होतं.

"अडतीस," हेमाताई कागदाकडे पाहत म्हणाल्या. "हो. एवढीच असती आता." आणि त्या रडल्या. पदर तोंडाला लावून, पाहुण्यांची भीड न बाळगता, एकोणीस वर्षांचं रडल्या.

शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी केलं नाही हे. पण बटण जाणार कळल्यापासून मी रोज विचार करत होते, आता पिशवी ठेवायची कुठे. मला सुचत नव्हतं. तुमच्या त्या दुसऱ्या हेमाला माझ्या आधी सुचलं."

वैजयंतीबाईंनी तिथेच तोडगा काढला. लपवाछपवी नकोच. त्रेसष्टाव्या आवृत्तीत 'आपत्कालीन राखीव' असा उघड, अधिकृत कप्पा करू. तंत्रज्ञाने तारीख ठरवायची, पिशवी ठेवायची, कुणी काही विचारणार नाही. "कसं वाटतं?"

"छान आहे मॅडम," हेमाताई डोळे पुसत म्हणाल्या. "आमचं काम हलकं होईल."

परतीच्या वाटेवर घाट संपला. मग वैजयंतीबाईच म्हणाल्या, "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

शुक्रवारी त्यांनी राखीव कप्प्यासह एकोणीस वर्षं पुन्हा चालवून पाहिली. जे दिसलं ते समजायला विश्लेषक लागत नव्हता. राखीव कप्पा सगळ्यांना दिसत होता. जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकाचा प्रतिग्राहक दुपारी चारला विचारी, "तुमच्याकडे एक रिकामी पडलेली दिसते. पाठवता का?" कधी अधिकाऱ्याचा प्रतिग्राहक शब्द टाकी. त्यांचे रुग्णही खरे होते, कुणी लबाडी करत नव्हतं. हेमाताईंचा प्रतिग्राहक दर वेळी "हो सर" म्हणे आणि पिशवी पाठवून देई. एकतीसपैकी बावीस प्रसंगांत अपघाताच्या वेळी राखीव कप्पा रिकामा होता.

तरीही एकतीसही जण वाचले होते. सत्तावीस नंबरच्या खाटेवर रेणुका बिडगर होती.

"जी पिशवी सगळ्यांना दिसते, ती सगळ्यांची होते," फिरोज म्हणाला. "आपण कितीही कप्पे केले तरी ते आपणच केलेले असणार, आणि म्हणून सगळ्यांना माहीत असणार. त्यांना हवी आहे आपल्याला माहीत नसलेली जागा. ती आपण बनवणार कशी?"

वैजयंतीबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्यासमोर दोषांची अंतिम यादी होती. सोमवारपूर्वी त्यातल्या प्रत्येक दोषापुढे त्यांची सही लागणार होती. चौथ्या क्रमांकाला लिहिलं होतं: *खाट क्रमांकाच्या रकान्याला मर्यादा नाही.* दुरुस्ती एका ओळीची, पाच मिनिटांची.

"दोन वर्षांत ग्राहकाने आपल्याला खरं असं एकच सांगितलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "तेही तोंडाने नाही, करून दाखवलं. ते आपण दोष म्हणून काढून टाकायचं?"

"पकडलं तर?"

"तर माझी सही आहे." त्यांनी पेन उचललं आणि चौथ्या दोषापुढे लिहिलं, 'किरकोळ. तूर्त दुरुस्ती नको. ग्राहकाची तक्रार आल्यास पाहू.'

कासारमाळला त्यांनी काही कळवलं नाही. कळवलं असतं तर ती माहीत असलेली जागा झाली असती.

सोमवारी धमनी सुरू झाली. चैत्र गेला. वैशाखातल्या एका दाट तिथीला वैजयंतीबाईंच्या मुलीचं लग्न झालं आणि फिरोजने तीन वेळा मठ्ठा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो प्रयोगशाळेत येऊन बसतो न बसतो तोच फोन वाजला.

"तांबोळी सर का? मी कासारमाळहून हेमलता गवांदे."

फिरोज ताठ बसला. "बोला ना ताई."

"एक तक्रार आहे." आवाज नेहमीसारखा शांत नव्हता, जरा कापत होता. "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक आहे. आमच्या वॉर्डात सव्वीसच खाटा आहेत. ते सत्तावीस नंबर घेतंय."

ग्राहकाची तक्रार आल्यास पाहू. फिरोजला वैजयंतीबाईंची सही डोळ्यांसमोर दिसली. नियमानुसार तक्रार नोंदवून घेणं भाग होतं. त्याने कोरा अर्ज उघडला. "लिहून घेतो ताई. मग काय करायचं म्हणता?"

"ती दुरुस्त करू नका," हेमाताई म्हणाल्या.

फिरोजने ते वाक्य जसंच्या तसं टंकलं. ग्राहकाची मागणी. हेमाताईंनी त्यांना तोंडाने सांगितलेली ही पहिलीच मागणी होती.

"काल लागली का पिशवी?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी पाचला. वऱ्हाडाचीच गाडी होती. वीस-बावीस वर्षांची पोरगी आहे. सकाळी चहा मागितला तिने." पलीकडे त्यांनी कागद उलगडल्याचा आवाज आला. मग पुन्हा नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "बाकी सॉफ्टवेअर काही बरोबर नाही. लेबलाची अक्षरं दिसत नाहीत, आणि ते हिरवं बटण कशाला ठेवलंय तेच कळत नाही. अजून बरंच आहे. तुम्हाला वेळ आहे का?"

"भरपूर आहे," फिरोज म्हणाला आणि लिहायला लागला. यादी चाळीसच्या वर गेली.

फोन ठेवल्यावर त्याने कासारमाळच्या कालच्या नोंदी उघडल्या. खाट क्रमांक सत्तावीस: रेणुका बिडगर, दुपारी एक वाजता दाखल. संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी तिच्या नावाची पिशवी सोडली होती. शेवटच्या रकान्यात प्रयोगशाळेतला प्रतिग्राहक दर वेळी नुसतं 'डिस्चार्ज' लिहीत असे. काल खऱ्या रक्तपेढीत तिथे हेमाताईंनी स्वतःच्या हाताने कारण भरलं होतं.

बरी होऊन घरी गेली.